व्हेर्चेल्ली हस्तलिखित

प्राचीन इंग्रजीतील (अँग्लो-सॅक्सन) धार्मिक गद्य व काव्य यांचे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चर्मपत्री हस्तलिखित. उत्तर इटलीतील व्हेर्चेल्ली येथील कॅथीड्रलच्या ग्रंथालयात ते जतन केलेले आहे. प्राचीन इंग्रजी काव्य मुख्यत्वे चार हस्तलिखितांमुळे टिकले. त्यांपैकी इंग्लंडबाहेर असलेले हे एकच. एक्झिटर, जूनियस आणि ‘बेओवुल्फ’ असलेले नोवेल ही तिन्ही इंग्लंडमध्येच आहेत.

स्वरूप : उपलब्ध पाने १३५ असून सर्व मूळ लेखन एकाच लेखनिकाचे आहे. काही पाने गहाळ आहेत. त्यात २३ गद्य रचना (बहुतेक प्रवचने, अखेरची संत गुथलॅकच्या चरित्रातील भाग) आणि ६ काव्ये आहेत. गद्य व पद्य यांचे वेगळे विभाग नाहीत. पाच प्रवचनांनंतर दोन काव्ये, मग पुन्हा प्रवचने, अशी मांडणी आहे. काव्यही ओळी न तोडता गद्यासारखे सलग लिहिले असल्याने चरण ओळखायचे ते आघात आणि अनुप्रास यांवरूनच. विषयही दोहोंत सामाईक आहेत : चौथ्या प्रवचनात न्यायाच्या दिवशी आत्मा देहाला जाब विचारतो आणि ‘सोल अँड बॉडी’ या काव्याचा गाभाही आत्म्याने देहाला केलेले संबोधन हाच आहे.

काव्ये : ‘अँड्रियस’ (१,७२२ ओळी) यात नरभक्षकांच्या तावडीतून मॅथ्यूची सुटका करणाऱ्या प्रेषित अँड्रूची कथा आहे. ‘एलेने’ (१,३२१ ओळी) यात सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना ख्रिस्ताचा क्रूस शोधून काढते. या काव्यात व ‘द फेट्स ऑफ द अपॉसल्स’मध्ये कवी किनेवुल्फ याने रून लिपीतील अक्षरांत आपले नाव गुंफले आहे. सर्वांत ख्यातनाम ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या १५६ ओळींच्या काव्यात क्रूस स्वतः बोलतो. त्याच्याशी जुळणारा मजकूर स्कॉटलंडमधील रुथवेल येथील शिलाक्रूसावर रून लिपीत कोरलेला आहे.

इटलीतील आगमन : हस्तलिखित तेथे कसे पोहोचले याविषयी मतभेद आहेत. व्हेर्चेल्ली हे रोमच्या यात्रामार्गावरचे ठिकाण होते. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक ९९० मध्ये येथूनच गेला. १२१६–१८ या काळात इंग्लंडमध्ये पोपचा दूत असलेल्या कार्डिनल ग्वाला बिकिएरीने ते आणले, असेही एक मत होते. परंतु पान २४ वरील स्तोत्राचा लॅटिन अंश उत्तर इटलीतील वळणाने, ११०० च्या सुमारास लिहिलेला दिसतो. त्यामुळे ते ग्वालाच्या आधीच इटलीत असावे, असे आता सामान्यतः मानले जाते.

शोध व संपादन : जर्मन विधिज्ञ फ्रीड्रिख ब्लूमे याला ते १८२२ मध्ये आढळले. १८३४ च्या सुमारास नक्कल करताना अक्षरे स्पष्ट व्हावीत म्हणून लावलेल्या रसायनाने काही पाने डागाळली. या नकलेवरून बेंजामिन थॉर्पने १८३६ मध्ये काव्ये छापली; पुढे जॉन केंबलने ती भाषांतरासह प्रसिद्ध केली. प्रवचनांना मात्र थांबावे लागले : माक्स फर्स्टर याने १९३२ मध्ये पहिली आठ संपादित केली आणि सर्व २३ गद्य रचना एकत्र असलेली डोनल्ड स्क्रॅग यांची आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. लेखनिकाने एका बांधणीत सरमिसळ ठेवलेले गद्य व पद्य छापील रूपात दीर्घकाळ वेगळेच वाचले गेले.