हॉटेलचं ‘एलिट’ स्टेटस : कुणाला परवडतं?

मॅरियट बॉन्वॉय ही मॅरियट हॉटेलांची मोफत सदस्य योजना. नाशिकचं मधल्या श्रेणीतलं कोर्टयार्ड त्यातच येतं. कॅलेंडर वर्षात 10 रात्री राहिलात की सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम. सिल्व्हरला 10 टक्के जादा पॉइंट्स. गोल्डला 25 टक्के, शिवाय खोली मोकळी असेल तर दुपारी 2 पर्यंत चेकआउट. स्टेटसवर फुकट नाश्ता मात्र गोल्डलाही नाही! तो दरात धरलाय का, ते बुकिंग करतानाच बघा.

मेहरूणहून मुलाखतीसाठी वर्षातून दोनदा नाशिक गाठणाऱ्याने स्टेटसच्या मागे लागू नये. साधं सदस्यत्व घ्या आणि मॅरियटच्याच ॲपवर मेंबर दर तपासा. दुसऱ्या ट्रॅव्हल ॲपवरून बुक केलं तर सहसा पॉइंट्स मिळत नाहीत, रात्रीही मोजल्या जात नाहीत. पण तिथला दर बराच कमी असेल तर खुशाल तिथूनच घ्या.