द शनेल सिस्टर्स

'द शनेल सिस्टर्स' ही अमेरिकन लेखिका ज्युडिथ लिटल यांची इ.स. २०२० मध्ये प्रकाशित झालेली इंग्रजी ऐतिहासिक कादंबरी आहे. विख्यात फ्रेंच वेशभूषाकार गाब्रियेल ऊर्फ कोको शनेल (१८८३–१९७१) आणि तिची धाकटी बहीण आंत्वानेत यांच्या जीवनावर ती आधारित असून तिची निवेदिका आंत्वानेत आहे.

कथानक

आईच्या मृत्यूनंतर फिरत्या विक्रेत्या वडिलांनी टाकून दिलेल्या मुली ओबाझिन येथील मठात जोगिणींच्या देखरेखीखाली वाढतात. एखाद्या दुकानदाराशी विवाह करून साधा संसार करावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. मासिकांतील कात्रणे व प्रणयकथा लपवून ठेवणाऱ्या या बहिणींची स्वप्ने मात्र निराळी असतात. सज्ञान झाल्यावर त्या मूलँ व व्हिशी या गावांतून वाट काढीत पॅरिसला पोहोचतात आणि टोप्यांच्या एका लहानशा दुकानातून त्यांचा व्यवसाय उभा राहतो. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या आयुष्याला पुन्हा कलाटणी मिळते.

ऐतिहासिक आधार

शनेल भगिनींच्या आईचे निधन १८९५ साली झाले. गाब्रियेलने १९१० मध्ये पॅरिसच्या र्‍यू काँबों या रस्त्यावर टोप्यांचे दुकान थाटले. पुढे दोव्हिल (१९१३) व बिआरित्झ (१९१५) येथे शाखा निघाल्या. या कामी तिचा प्रियकर, इंग्रज उद्योजक बॉय केपल याने भांडवल पुरविले. दोव्हिलमध्ये आंत्वानेत आणि जवळपास गाब्रियेलच्याच वयाची आत्या आद्रिएन या दोघी शनेलचे कपडे व टोप्या घालून फिरत. तीच दुकानाची जाहिरात ठरे. आंत्वानेतने १९१९ मध्ये कॅनडाच्या एका वैमानिकाशी विवाह केला. परंतु तो संसार टिकला नाही व अर्जेंटिनात तिचे अकाली निधन झाले.

वैशिष्ट्ये

कोको शनेलने उत्तरायुष्यात आपले अनाथपण लपविले. आपल्याला आत्यांनी वाढविले, असे ती सांगत असे. त्या कहाणीत मठाला स्थान नव्हते आणि तेथे सोबत वाढलेल्या बहिणींनाही नव्हते. व्यवसायाच्या उभारणीत राबलेली आंत्वानेत त्यामुळे इतिहासात जवळजवळ अनामिक राहिली. लेखिकेने निवेदन तिच्याकडे सोपवून ही उणीव कल्पनेच्या साहाय्याने भरून काढली आहे. घटनांची चौकट ऐतिहासिक असली, तरी संवाद व मनोव्यापार काल्पनिक आहेत. म्हणून चरित्रग्रंथ म्हणून तिचा आधार घेता येत नाही.