कारखान्यातली कानांची तपासणी : लॅपटॉपवरचा आकडा बरोबर आहे हे कशावरून?

कारखान्यातल्या आरोग्य तपासणीत कानांसाठी आता मोठं यंत्र लागतंच असं नाही. लॅपटॉप, त्याला जोडलेलं छोटं उपकरण आणि हेडफोन एवढ्यावर काम भागतं. बारीक 'बीप' ऐकू आला की कामगाराने बटण दाबायचं आणि काही मिनिटांत स्क्रीनवर आलेख तयार. या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात, तर आलेखाला ऑडिओग्राम.

पण इथे एक मेख आहे. स्क्रीनवर '४० डेसिबल' दिसलं, तरी हेडफोनमधून खरोखर तेवढाच आवाज येतोय का, हे लॅपटॉपला कळत नाही. ते बाहेरून मोजून पाहावं लागतं आणि फरक असेल तर दुरुस्त करावा लागतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आकडा चुकला तर काय बिघडतं?

गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हळूहळू येतो. त्याची सुरुवात बहुतेकदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या उंच स्वरांपासून होते. रोजचं बोलणं ऐकू येत राहतं, त्यामुळे कामगाराला पत्ताच लागत नाही. आणि एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून यंदाच्या ऑडिओग्रामची तुलना त्याच माणसाच्या पहिल्या ऑडिओग्रामशी केली जाते.

अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या नियमानुसार २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवर मिळून सरासरी १० डेसिबलची घसरण दिसली, तर ती दखल घेण्याजोगी मानली जाते. आता समजा, यंत्र दाखवतंय त्यापेक्षा १० डेसिबल मोठा आवाज देतंय. तर १० डेसिबलने घसरलेला कानही 'जैसे थे' दिसेल. उलट आवाज कमी येत असेल, तर धडधाकट कान अधू ठरेल.

भारतातही हा विषय कागदोपत्री महत्त्वाचा आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत हा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या आजारांमध्ये नोंदला गेला. नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्यातही व्यावसायिक आजारांच्या यादीत त्याला जागा मिळाली. म्हणजे वाद झाला, तर ऑडिओग्राम हा पुरावा ठरू शकतो.

ऑडिओग्रामवरचं 'शून्य' म्हणजे काय?

शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य. ही पातळी प्रत्येक स्वराला आणि हेडफोनच्या प्रत्येक प्रकाराला वेगळी असते. तपासताना हेडफोन 'कपलर' नावाच्या कृत्रिम कानावर ठेवतात आणि आवाज साउंड लेव्हल मीटरने मोजतात. टीडीएच-३९ हा जुना, प्रचलित हेडफोन घेऊ. स्क्रीनवर ७० डेसिबल असताना मीटरवर ५०० हर्ट्झला ८१.५, १००० हर्ट्झला ७७ आणि ४००० हर्ट्झला ७९.५ डेसिबल यायला हवेत.

त्यामुळे हेडफोन तुटला म्हणून बाजारातून दुसरा आणून लावला, की आधीचं कॅलिब्रेशन बाद होतं. हेडफोन महागडा असला तरीही.

तपासणी किती वेळा?

'ओशा'च्या नियमात तीन पायऱ्या आहेत.

• रोज, वापरापूर्वी : ज्याची श्रवणक्षमता माहीत आहे आणि स्थिर आहे, अशा माणसाची चाचणी घ्यायची. आवाजात खरखर नाही ना, हेही ऐकून पाहायचं. १० डेसिबल किंवा जास्त फरक आला, तर पुढची पायरी.
• वर्षातून किमान एकदा : कपलर आणि मीटर लावून मोजणी. १५ डेसिबल किंवा जास्त फरक आला, तर तिसरी पायरी.
• किमान दर दोन वर्षांनी : संपूर्ण, सखोल कॅलिब्रेशन.

पोर्टेबल यंत्राला जास्त का जपावं लागतं?

ते गाडीतून फिरतं, हातातून पडतं. वायर आतून तुटते, हेडफोनच्या गाद्या कडक होतात. सॉफ्टवेअर लॅपटॉपचंच साउंड कार्ड वापरत असेल, तर आवाजाची सेटिंग बदलली किंवा अपडेट आलं तरी पातळी सरकू शकते. डावा-उजवा हेडफोन आलटून पालटून लावला, तरी घोळ होतो.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. कॅलिब्रेशन अचूक असलं, तरी शेजारी कंप्रेसर चालू असेल तर बारीक बीप त्यात बुडून जातो. 'ओशा'च्या नियमात तपासणीच्या खोलीतला आवाज ५०० आणि १००० हर्ट्झला ४० डेसिबलच्या वर चालत नाही.

कामगाराने काय विचारावं?

• शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? प्रमाणपत्र आहे का?
• प्रमाणपत्रावरचा हेडफोनचा अनुक्रमांक आणि समोरच्या हेडफोनवरचा अनुक्रमांक एकच आहे का?
• आज सकाळी यंत्र तपासून पाहिलं का?

पहिली चाचणी शिफ्ट संपल्या संपल्या देऊ नये. 'ओशा'च्या नियमानुसार त्याआधी किमान १४ तास कान कामाच्या गोंगाटापासून दूर असावे लागतात. आणि त्या पहिल्या ऑडिओग्रामची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. पुढची प्रत्येक तुलना त्याच कागदाशी होणार असते.