समुद्रपक्ष्यांची अभ्यासक आणि आपला रानपिंगळा

आजची गोष्ट खान्देशातली आहे, पण सुरू होते समुद्रावर.

पमेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ. सुरुवातीचं संशोधन दक्षिण अमेरिकेतल्या समुद्रपक्ष्यांवर. 1990 मध्ये कॅन्सस विद्यापीठाची पीएचडी. मग स्मिथसोनियन संग्रहालयात डिलन रिप्ली यांच्यासोबत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर काम. तिथे तिच्यासमोर आला रानपिंगळा. ह्यूमने 1873 मध्ये नोंदवलेलं हे छोटं घुबड. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून नमुने फक्त सात.

एक नोंद मात्र 1914 ची होती. कर्नल माइनर्ट्झहागेन म्हणाला, हा पक्षी मला गुजरातेत मांडवीला मिळाला. रासमुसेनने तो नमुना तपासला, एक्स-रे काढले, पक्षी भरण्याची पद्धत जुळवून पाहिली. निघालं काय? तो मुळात जेम्स डेव्हिडसनचा नमुना! डेव्हिडसन म्हणजे 1880 च्या दशकात आपल्याच खान्देशात पक्षी गोळा करणारा ब्रिटिश अधिकारी. कर्नलने संग्रहालयातून पक्षी चोरला, नव्याने भरला आणि खोटं लेबल लावलं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे लगेच भिडलं. डेटात एक एन्ट्री खोटी असली की सगळे भलत्याच फाईलमध्ये बग शोधत बसतात.

रासमुसेनने ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या लेबलांवरच्या जागा धरल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबटसोबत ती आधी पूर्वेकडे फिरली. तिकडे काहीच नाही. मग शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, 25 नोव्हेंबर 1997 ला किंगला तो दिसला. भरदिवसा, उघड्या झाडावर बसलेला! 113 वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार जिल्हा झाला 1998 मध्ये.

खरं सांगू? मी धुळ्यात वाढलो, पण शाळेत हे कुणी सांगितलं नाही. 'आपल्याकडे काय आहे बघण्यासारखं?' असं मीच पाहुण्यांना म्हणायचो.

पुढे तो मेळघाटात सापडला, ठाण्याजवळ तानसातही. पण धोका टळलेला नाही. त्याला सागाचं विरळ जंगल लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. जुनं झाड तुटलं की घर गेलं. आणि यावेळी तो गेला, तर खोटं लेबल लावायलासुद्धा कुणी येणार नाही.

कधी तोरणमाळला गेलात, तर सेल्फीआधी एकदा झाडाच्या शेंड्याकडे बघा. काही दिसलं, तर जागा आणि तारीख लिहून ठेवा. खरी, बरं का!

भेटू पुढच्या भागात.