वायूला वास कोणी दिला?

विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर उघडतात त्या जूनच्या अखेरीस. कडक उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा जरा उशिराच. तोवर प्रयोगशाळेतील सिलिंडर, नळी आणि बर्नर दीड-दोन महिने तसेच पडून असतात. पहिल्या तासाला काडी ओढण्यापूर्वी बहुतेक जण एकच परीक्षा घेतात: वास येतो का? या परीक्षेला इतिहास आहे, आणि तो एका शाळेतच घडला.

आपल्या सिलिंडरातील प्रोपेन व ब्युटेन हे वायू मुळात जवळजवळ गंधहीन. १९१० साली अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाने, पेट्रोल भराभर उडून का जाते याचा शोध घेताना, त्यातील प्रोपेन ओळखला. त्याआधी मुंबईच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे जळत. त्या वायूला गंधकयुक्त संयुगांमुळे स्वतःचाच घाण वास असे, त्यामुळे गळती लपत नसे. नव्या, स्वच्छ वायूंनी ही सोय घालवली.

टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलविहिरींतून निघणारा, एरवी जाळून टाकला जाणारा नैसर्गिक वायू वापरायला घेतला. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला आणि कुणालाही कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी कार्यशाळेतील विजेचे यंत्र सुरू करताना ठिणगी पडली. सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. त्याच वर्षी टेक्सासने वायूत वास मिसळण्याची सक्ती केली आणि ही पद्धत पुढे जगभर गेली.

आपल्याकडे १९६५ मध्ये इंडेनचे सिलिंडर आले. त्यांत मिसळतात ते इथिल मरकॅप्टन. (मरकॅप्टन म्हणजे ‘पारा पकडणारे’. १८३४ मध्ये डेन्मार्कच्या झाइझ यांनी हे नाव दिले, वासाशी त्याचा काही संबंध नाही!) पेट घेण्यास लागते त्याच्या एक-पंचमांश प्रमाणात वायू हवेत असतानाच नाकाला कळावा, इतके ते मिसळतात.

पण हा पहारेकरी झोपतो. पोलादी सिलिंडरात आतून गंज असेल, तर दीर्घकाळात त्यामुळे मरकॅप्टनचे ऑक्सिडीकरण होऊन वास मंदावतो. नाकही काही मिनिटांत त्याला सरावते. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, आणि उभ्या माणसाचे नाक तर वर असते. म्हणून बंद खोली आधी उघडून हवेशीर करावी, मग नळी वाकवून भेगा पाहाव्यात, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर तपासणीची मुदत असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे वर्ष. सिलिंडरविषयीचे हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. मुलांना हे सांगायला हरकत नाही.

एवढे करूनही ज्योत पिवळी, काजळी धरणारी निघाली, तर दोष बहुधा गळतीचा नसतो. बर्नरमध्ये हवा कमी शिरत असते. सुटीत कोळ्याने तिथे जाळे केलेले असते, नाहीतर कुंभारमाशीने हवेच्या छिद्रात मातीचे घर बांधलेले असते.