उडालेल्या इंधनाचा हिशेब

बंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावरून काही मिनिटांच्या अंतराने दोन विमाने निघतात. एक मुंबईला, दुसरे दुबईला. दोन्हींच्या टाक्यांत तेथेच भरलेले इंधन असते. मुंबईच्या विमानाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड भारताच्या राष्ट्रीय उत्सर्जनाच्या बेरजेत धरला जातो. दुबईच्या विमानाचा मात्र कोणत्याच देशाच्या बेरजेत येत नाही. तो अहवालात वेगळी नोंद म्हणून, बेरजेच्या खाली लिहिला जातो. ही वेगळी नोंद कशी जन्माला आली आणि तिच्यातील आकडे मोजायचे कसे, याचा इतिहास तीन दशकांचा आहे.

१९९२ च्या रिओ परिषदेत हवामान बदलाचा आराखडा करार पुढे आला. १९९३ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. प्रत्येक देशाने आपल्या उत्सर्जनाचा हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. वीजकेंद्राची चिमणी जमिनीत रोवलेली असते; तिचा देश शोधावा लागत नाही. विमान मात्र एका देशात इंधन भरते, दुसऱ्याच्या आकाशात ते जाळते आणि तिसऱ्याच देशाचे प्रवासी नेते. १९९६ मध्ये कराराच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळापुढे या उत्सर्जनाच्या वाटणीचे आठ पर्याय मांडले गेले. इंधन विकणाऱ्या देशाच्या नावे, विमान कंपनीच्या देशाच्या नावे, प्रवाशांच्या देशाच्या नावे, असे त्यांचे स्वरूप होते. एकमत झाले नाही. १९९७ च्या क्योटो करारात विकसित देशांनी हा प्रश्न आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, हिच्यामार्फत हाताळावा असे ठरले. हिशेबनिसांच्या हाती एक साधा नियम राहिला: उड्डाण आणि अवतरण एकाच देशात असेल तर ते देशांतर्गत, नाहीतर आंतरराष्ट्रीय. कंपनी कोणत्या देशाची, हे विचारायचे नाही.

मोजणीची पहिली रीत विक्रीच्या वहीवर उभी आहे. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार एक किलो विमान इंधनातून ४४.१ मेगाज्यूल ऊर्जा मिळते आणि प्रत्येक मेगाज्यूलमागे ७१.५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला की ३.१५ किलो हा आकडा येतो. एका किलोतून तीन किलो निघतात, कारण उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. विकलेले इंधन गुणिले हा गुणक, एवढाच हिशेब. २००७ या वर्षासाठीच्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजात वाहतुकीचे उत्सर्जन सुमारे १४.२ कोटी टन होते. त्यात रस्त्यांचा वाटा ८७ टक्के, तर हवाई वाहतुकीचा ७ टक्के होता.

या रीतीचे बळ असे की इंधनातला कार्बन लपत नाही. इंजिन कोणतेही असो, तो बाहेर पडतोच. तिची उणीव अशी की विक्रीच्या वहीला उड्डाण दिसत नाही. शिवाय विमान इंधनावरील कर राज्याराज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई आणि पुण्यासाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. जेथे इंधन स्वस्त, तेथे परतीपुरतेही भरून घेण्याची विमान कंपन्यांची जुनी पद्धत आहे. देशाच्या बेरजेत याने फरक पडत नाही. राज्यवार हिशेबात मात्र धूर एका राज्याचा आणि नोंद दुसऱ्या राज्याची, असे घडू शकते.

म्हणून दुसरी रीत आली: उड्डाणे मोजण्याची. तिच्यात प्रत्येक फेरीचे दोन भाग केले जातात. जमिनीपासून ९१४ मीटर, म्हणजे ३,००० फूट उंचीपर्यंतचा भाग हा उतरण्या-उडण्याचा फेरा. त्यावरचा उरलेला प्रवास. या फेऱ्यासाठी आयकाओने प्रमाण वेळा ठरवल्या आहेत: धावपट्टीवरून उड्डाणाला ०.७ मिनिटे, चढणीला २.२, उतरणीला ४ आणि जमिनीवर सरकण्याला २६ मिनिटे. या हिशेबाने एअरबस ए३२० जातीचे विमान एका फेऱ्यात सुमारे ७७० किलो इंधन जाळते.

बंगळुरू येथे नेमके काळजीचे उदाहरण ठरते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या विमान कारखान्याजवळच्या विमानतळावरून शहराची नागरी वाहतूक चाले; २४ मे २००८ रोजी ती देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. ३,००० फुटांची मर्यादा चुकून समुद्रसपाटीपासून धरली, तर बंगळुरूतील उतरण्या-उडण्याचा सारा फेराच हिशेबातून नाहीसा होईल. जमिनीवरच्या २६ मिनिटांचेही तसेच. नवा विमानतळ, नवी धावपट्टी, पहाटेची गर्दी, यांनुसार प्रत्यक्ष वेळ बदलते. तक्त्यातला आकडा तेवढाच राहतो.

तिसरी रीत सर्वांत काटेकोर: प्रत्येक उड्डाणाचा आरंभ, शेवट, विमानाची जात आणि जमल्यास संपूर्ण मार्ग. येथे इतिहासाने एक वळण घेतले. आयकाओच्या २०१६ च्या ‘कोर्सिया’ योजनेनुसार १ जानेवारी २०१९ पासून मोठ्या विमान कंपन्यांना आंतरराष्ट्रीय उड्डाणांतील इंधनाची मोजणी आणि पडताळणी करून ती कळवावी लागते. भारतीय कंपन्याही यात आहेत. उत्सर्जन भरून काढण्याचे बंधन त्यांना २०२७ पासून लागू होईल. ज्या दुबईच्या विमानाला कोणत्याही देशाने आपले म्हटले नाही, त्याचाच हिशेब आता उड्डाणागणिक ठेवला जातो.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. बेरजेतला लहान वाटा वाढत जाणार, हे त्यातूनच दिसते. विक्रीची वही आणि उड्डाणांची वही स्वतंत्रपणे लिहून शेजारी ठेवल्या, तर चूक कोठे आहे ते कळते. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत; त्यांच्यातला फरक किती आणि का, हे सांगता येणे हीच राष्ट्रीय हिशेबाच्या विश्वासार्हतेची कसोटी आहे.