प्रोपेलर विमान, सिम्युलेटरमधील

प्रोपेलर विमान, सिम्युलेटरमधील : घरच्या संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटरात पंख्याच्या विमानाची हाताळणी खऱ्यासारखी उतरवण्याचे तंत्र, तसेच ती उतरली की नाही, यावरून शौकिनांत ४० वर्षांहून अधिक काळ चालत आलेला वाद. या नोंदीत भर आहे तो एका इंजिनाच्या, पिस्टनवर चालणाऱ्या विमानांवर. ढग, शहरे, समुद्र यांच्या देखाव्याचा विचार येथे केलेला नाही.

जेट विमान सरळ धावते. प्रोपेलरचे विमान थ्रॉटल पुढे ढकलताच नाक एका बाजूला फिरवू लागते आणि वैमानिकाला ते पायाने, पेडल दाबून शेपटीवरचा रडर वळवत, परत आणावे लागते. सिम्युलेटर चांगला की वाईट, याचा निम्मा निकाल चाके जमीन सोडण्यापूर्वीच्या त्या पंधरा-वीस सेकंदांत लागतो. वैमानिकासमोरच्या फलकावर वाकड्या काचनळीत एक काळी गोळी असते. गोळी मध्यभागी राहिली तर विमान सरळ चालले आहे. उजवीकडे घरंगळली तर उजवा पाय दाबायचा. ज्या सिम्युलेटरात पाय टेबलाखाली मोकळे ठेवूनही गोळी मध्यभागी राहते, त्यात पंखा नुसता चित्रात फिरत असतो.

कारणे : पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर विमान डावीकडे ओढते. याची चार कारणे सांगितली जातात. पंख्याला उजवीकडे फिरवणारे इंजिन विमानाला डावीकडे कलवू पाहते (टॉर्क). पंख्यामागचा वारा धडाभोवती पीळ घेत मागे जातो आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळतो. नाक वर असताना खाली येणारे उजवे पाते हवेला अधिक कोनात कापते आणि जास्त ओढते (पी-फॅक्टर). शिवाय फिरता पंखा हा भोवराच असल्याने त्याचा अक्ष हलवला की तो ९० अंश पुढे प्रतिक्रिया देतो. शेपटीवर चाक असलेल्या विमानाची शेपटी उचलताच नाक डावीकडे जाते ते यामुळे. चारांपैकी कोणाचा वाटा किती, हे विमान, वेग आणि नाकाच्या कोनाप्रमाणे बदलते. त्याबद्दल ठाम आकडे देणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. उभ्या विमानात पी-फॅक्टर शून्य असतो, एवढे मात्र निश्चित. कारण समोरून येणारी हवाच नसते. ब्रेक सोडताच बसणाऱ्या पहिल्या झटक्याचे खापर त्याच्यावर फोडले जाते ते चुकीचे आहे.

टॉर्कचा हिशेब कागदावरही करता येतो. सेसना १७२एस या शिकाऊंच्या विमानाचे लायकमिंग इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती देते, म्हणजे सुमारे ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क. मागच्या दोन चाकांमधले अंतर साधारण अडीच मीटर आहे. तेव्हा पूर्ण थ्रॉटलला डाव्या चाकावर जेमतेम १९ किलोचा भार वाढतो आणि उजव्यावरचा तेवढाच उतरतो. विमानाचे कमाल वजन १,१५७ किलो, हे पाहता फरक नगण्य आहे. याउलट पी-५१डी मस्टँग हे युद्धविमान घ्यावे. त्याचे मर्लिन इंजिन ३,००० फेऱ्यांना १,४९० अश्वशक्ती देते आणि दंतचक्रांतून उतरून पंख्याचे फेरे १,४३७ च्या आसपास राहतात. तेथे टॉर्क ७,४०० न्यूटन-मीटरच्या घरात जातो : सेसनाच्या पंधरापट, आणि वजन मात्र चौपट. म्हणून मस्टँगच्या वैमानिकाला उड्डाणापूर्वीच रडरची ट्रिम (पायावरचा जोर हलका करणारी योजना) पाच-सहा अंश उजवीकडे लावून ठेवायला शिकवत. एखाद्या सिम्युलेटरात सेसनाच एक चाक खड्ड्यात गेलेल्या बैलगाडीसारखी कलू लागली, तर तो खरेपणा नव्हे, अतिशयोक्ती आहे.

विमान बांधणारेही ही ओढ आधीच थोडीफार मारून ठेवतात. मस्टँगची उभी शेपटी एक अंश डावीकडे वळवून बसवलेली आहे. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या उभ्या शेपटीचा छेद असमान आहे. इटालियन माक्की सी.२०२ चा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब केला होता. असे इलाज एकाच वेगाला आणि एकाच शक्तीला नेमके लागू पडतात. त्यामुळे सेसनासारखे विमान चढताना उजवा पाय मागते आणि इंजिन मंद करून वेगाने उतरताना किंचित डावा. उतरतानाची ही उलट मागणी ज्यात जाणवते, त्या सिम्युलेटराच्या कर्त्याने मन लावून काम केले आहे असे समजावे.

उजवा पाय हाही सार्वत्रिक नियम नाही. ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिन उलटे फिरते, म्हणून त्यावर चालणारे टायगर मॉथ हे शिकाऊ विमान उजवीकडे पळते आणि डावा पाय मागते. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत आणि हवाई दलात जुन्या पिढीने हीच सवय आधी लावून घेतली होती. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन जाऊन ग्रिफन आले तेव्हा पंख्याची दिशा उलटली आणि सरावलेल्या वैमानिकांचे पाय चुकू लागले. सिम्युलेटरातील विमान दिशेच्या बाबतीत बरोबर आहे का, ही पहिली आणि सर्वांत सोपी परीक्षा होय.

इतिहास : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये संगणकावरील उड्डाणदृश्यांवर प्रबंध लिहिला आणि पुढे सबलॉजिक ही कंपनी काढली. १९८० च्या सुमारास त्यांचा कार्यक्रम ॲपल-२ वर आला. त्या यंत्राचा वेग होता १ मेगाहर्ट्झ. चार रेघांचे क्षितिज हलवता हलवताच ते दमत असे, पंख्याच्या वाऱ्याचा पीळ मोजणे दूरच. नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचाच कार्यक्रम आयबीएम पीसीसाठी बाजारात आणला. त्यात सेसना १८२ होते आणि सुरुवात शिकागोच्या सरोवरकाठच्या मीग्ज फील्डवरून होई. हा खराखुरा विमानतळ २००३ मध्ये एका रात्रीत खोदून बंद करण्यात आला; सिम्युलेटरवाल्यांचे त्यावर खऱ्या वैमानिकांइतकेच प्रेम होते.

ऑस्टिन मायर यांचा एक्स-प्लेन १९९५ चा. मुक्त परवान्याच्या फ्लाइटगिअरचा प्रस्ताव १९९६ मध्ये आला आणि प्रत्यक्ष काम पुढच्या वर्षी उभे राहिले. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला जुना सिम्युलेटर-विभाग बंद केला. फ्रान्समधील बोर्दोच्या आसोबो स्टुडिओने केलेली नवी आवृत्ती १८ ऑगस्ट २०२० रोजी आली आणि तिच्यापुढची नोव्हेंबर २०२४ मध्ये.

गणिताच्या पद्धती : यांत दोन घराणी आहेत. पहिले घराणे तक्त्यांचे. पंख्याचा व्यास, फेरे आणि विमानाचा वेग यांवरून एक गुणोत्तर काढायचे आणि त्या गुणोत्तराला पंख्याची कार्यक्षमता किती, हे तयार तक्त्यात पाहायचे. दुसरे घराणे पात्यांचे. पाते मुळापासून टोकापर्यंत तुकड्यांत विभागायचे, प्रत्येक तुकड्यावर हवा कोणत्या कोनात आणि किती वेगाने येते ते काढायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे : विल्यम फ्रूड यांनी ती १८७८ मध्ये जहाजाच्या पंख्यासाठी मांडली आणि पुढे स्तेफान जेवेत्स्की यांनी तिचा विस्तार केला. एक्स-प्लेनने याच रीतीला आपली ओळख बनवले.

तक्त्यांच्या घराण्याचे पोट उघडून पाहण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये होती, म्हणून त्याबद्दल येथे सविस्तर लिहिता येते. प्रत्येक विमानाच्या फोल्डरात ‘एअरक्राफ्ट डॉट सीएफजी’ नावाची साधी मजकूर-फाइल असे. ती नोटपॅडमध्ये उघडावी, ‘फ्लाइट ट्यूनिंग’ या मथळ्यापर्यंत खाली यावे, की ओळी दिसत : पी-फॅक्टरचा नाकावरील परिणाम, टॉर्कचा कलण्यावरील परिणाम, भोवऱ्याचा परिणाम, पंख्याच्या वाऱ्याचा परिणाम. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा, बहुधा १.०. तो २.० केला की परिणाम दुप्पट, ०.० केला की गायब. यातून एक घरगुती सुतारकाम सुरू झाले. ज्याला मस्टँग मवाळ वाटे तो आकडा वाढवी, ज्याच्याकडे पेडल नसत तो कमी करी, आणि दोघेही आपले विमान खरे असल्याचे सांगत. मेनूतही याच गुणांसाठी सरकपट्ट्या होत्या आणि शेजारी ‘ऑटो-रडर’ची चौकट. तिच्यावर खूण असली की विमान स्वतःच पाय चालवी. अनेकांनी ती खूण वर्षानुवर्षे काढली नाही. त्यामुळे आपण सेसना उडवतो की फिरती खुर्ची, हे त्यांना कळण्याचे कारणच उरले नाही.

फ्लाइटगिअरमध्ये वापरला जाणारा जेएसबीसिम हा भाग सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे. त्यातली पी-फॅक्टरची युक्ती पाहण्यासारखी आहे. तो पात्याचा हिशेब करत नाही. नाक जितके वर, तितका पंख्याच्या ओढीचा बिंदू मध्यापासून बाजूला सरकवतो, आणि पंख्याच्या दिशेची खूण (अधिक की उणे) सांगते की कोणत्या बाजूला. एका ओळीत काम होते. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण ठरावीक मर्यादेत उत्तर पटण्याजोगे येते.

आसोबोच्या आवृत्तीने विमानाचा पृष्ठभाग हजारभर तुकड्यांत विभागून प्रत्येकावर हवेचा हिशेब करण्याचे जाहीर केले आणि नंतरच्या सुधारणांत पंख्याचे गणितही नव्याने बसवले. ती आणि एक्स-प्लेन यांत सरस कोण, याबद्दल मतभेद आहेत.

युद्धविमाने : चारही कारणे ठळकपणे जाणवतात ती येथे. पहिल्या महायुद्धातील सोपविथ कॅमलचे इंजिन पंख्याबरोबर सबंध फिरे. त्या जड भोवऱ्यामुळे उजवीकडे वळताना नाक खाली आणि डावीकडे वळताना वर जाई. २००९ च्या ‘राइझ ऑफ फ्लाइट’ने हा स्वभाव घरच्या संगणकावर आणला. त्याआधी २००१ मध्ये ओलेग मॅडॉक्स यांच्या ‘इल्यूशिन-२ श्तुर्मोविक’ने युद्धखेळांची पातळी उंचावली होती. डीसीएस या युद्ध-सिम्युलेटरातील मस्टँग २०१२ चे. त्यात थ्रॉटल एकदम पूर्ण दिला तर विमान धावपट्टी सोडून गवतात जाते, आणि तसेच व्हायला हवे. नवख्यांसाठी ‘उड्डाण-साहाय्य’ नावाची टक्केवारीची पट्टी आहे. ती हळूहळू शून्यावर आणत नेणे, हा अनेकांचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो.

हातापायांची साधने : गणित सुधारले तरी अडचण टेबलापाशी उरतेच. खऱ्या हलक्या विमानात ट्रिमचे चाक फिरवले की दांड्यावरचा जोर नाहीसा होतो आणि दांडा आहे त्याच नव्या जागी स्वस्थ राहतो. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. तिचा मध्यबिंदू कारखान्यात ठरलेला. ट्रिम कितीही फिरवली तरी ती हात त्याच जागी खेचते. म्हणून घरी ट्रिम लावणे म्हणजे एका हाताने बटण दाबत दुसऱ्याने दांडा हळूहळू सोडणे, अशी कसरत होते. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये मोटरने जोर देणारी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक’ काठी काढली होती, पण पुढे असा माल बाजारातून बराच काळ दुर्मिळ झाला. अलीकडे तो पुन्हा मिळू लागला आहे, मात्र महाग.

पेडल नसलेले लोक दांड्याला पीळ देऊन रडर चालवतात. मनगट आणि पंजा यांनी एकाच वेळी दोन वेगळी कामे करायची असल्याने उजवा रडर देताना नकळत दांडाही उजवीकडे जातो. विमान कलले की दोष सिम्युलेटराला दिला जातो. पैसे एकाच वस्तूवर खर्चायचे असतील तर ती वस्तू पेडल असावी, असे या नोंदीचे मत आहे. शरीराला बसणारा धक्का, आसनातून कळणारी घसरण आणि कंप यांना घरी पर्याय नाही.

बहुइंजिनी विमाने : एक इंजिन बंद पडल्यावरची ओढ बहुतेक सिम्युलेटरांत दाखवली जाते.

टर्बोप्रॉप : स्वतंत्र नोंदीचा विषय.

घरगुती चाचणी : पंख्याचा अवरोध अनेक सिम्युलेटरांत कमी पडतो. इंजिन मंद केल्यावर वाऱ्याने फिरणारा पंखा खऱ्या विमानात ब्रेकसारखा रोधतो. सेसना १७२एस च्या पुस्तिकेप्रमाणे वारा नसताना, फ्लॅप वर ठेवून, ६८ नॉट वेगाने दर १,००० फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल तरंगत जाता येते. ४,००० फुटांवर इंजिन बंद करावे आणि १,००० फुटांपर्यंत उतरताना कापलेले अंतर मोजावे. साडेचार सागरी मैलांच्या आसपास उत्तर आले तर ठीक. सात आले तर ते सेसना नव्हे, ग्लायडर आहे.

मान्यता : अमेरिकेच्या नियमांनुसार उपकरण-उड्डाणाच्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त प्राथमिक प्रशिक्षण-यंत्रावरचे १० आणि प्रगत यंत्रावरचे २० तासांपर्यंत धरले जातात. मान्यता विशिष्ट यंत्रणेला मिळते, नुसत्या सॉफ्टवेअरला नाही. एक्स-प्लेनचे गणित अशा यंत्रांत वापरले गेले आहे. तोच एक्स-प्लेन घरच्या टेबलावर, उत्तम पेडल लावून, पाचशे तास चालवला तरी लॉगबुकात त्याचे एक मिनिटही लिहिता येत नाही.